पैशाने विजेतेपद मिळते का?

अमेरिकेत बेसबॉलचा हंगाम संपला की मैदानाबाहेरचा खेळ सुरू होतो. डिसेंबर २०२३ मध्ये तो लॉस एंजलिस डॉजर्सने गाजवला. शोहेई ओहतानीशी १० वर्षांसाठी ७० कोटी डॉलरचा, तर योशिनोबु यामामोतोशी १२ वर्षांसाठी साडेबत्तीस कोटी डॉलरचा करार झाला. ओहतानीने ६८ कोटी २०३४ पासून घेण्याचे मान्य केल्याने तूर्त वर्षाला केवळ २० लाख द्यावे लागतात. टॅम्पा बेकडून अदलाबदलीत गोलंदाज टायलर ग्लासनाऊही आला.

डॉजर्सने २०२४ आणि २०२५ ची वर्ल्ड सिरीज जिंकल्यावर पैशाने विजेतेपद विकत घेतल्याची टीका झाली. ती अर्धीच खरी आहे. हुआन सोतोशी ७६.५ कोटींचा करार करूनही न्यूयॉर्क मेट्सला २०२५ मध्ये बाद फेरी गाठता आली नाही.

फरक राखीव बळात आहे. २०२४ च्या बाद फेरीत ग्लासनाऊ जायबंदी होता. ओहतानीने तर वर्षभर केवळ फलंदाजी केली. तरीही डॉजर्सचे अडले नाही. पैशाने विजय नव्हे, दुखापती आणि चुका पचविण्याची ताकद मिळते. छोट्या संघांकडे नेमकी तीच नसते.

बेसबॉलमध्ये वेतनखर्चाला कमाल मर्यादा नाही; ठरावीक रकमेपलीकडे कर बसतो. मर्यादेच्या आग्रहातून १९९४ मध्ये खेळाडूंचा संप होऊन वर्ल्ड सिरीजच रद्द झाली होती. श्रीमंतांचे हात बांधण्यापूर्वी कृपण मालकांना किमान खर्चाची सक्ती करणे अधिक न्याय्य ठरेल.