सुट्टीचा निबंध आणि नसलेला मामाचा गाव



जून उजाडला, शाळा भरली की पहिल्याच आठवड्यात मराठीच्या तासाला फळ्यावर एक विषय हमखास पडतो : 'मी उन्हाळ्याची सुट्टी कशी घालवली'. तुम्हीही तो लिहिलाय, तुमच्या मुलांनीही लिहिलाय. वहीत काय असणार हे ती उघडायच्या आधीच आपल्याला ठाऊक असतं. मामाचं गाव. कौलारू घर. घरामागे आमराई आणि पुढे झुळझुळ वाहणारी नदी. (मे महिन्यात कोकणातल्या किती नद्या झुळझुळ वाहतात, हे ज्यांचं घर तिकडे आहे त्यांनीच सांगावं!) आजी गोष्टी सांगते, मामा विहिरीत पोहायला शिकवतो आणि सुट्टी कधी संपली ते कळतच नाही.

मी ठाकूरद्वारच्या परिसरात शिकवते. इथल्या मुलांच्या वह्यांतही हेच गाव असतं. एकदा पाचवीच्या वर्गात सहज विचारलं, खरंच मामाकडे कोण कोण गेलं होतं? एक मुलगा म्हणाला, "बाई, माझा मामा नालासोपाऱ्याला राहतो. पण तसं कसं लिहिणार?"

'तसं कसं लिहिणार' या तीन शब्दांबद्दल मला आज तुमच्याशी बोलायचं आहे. मुलं निबंध उतरवून काढतात ही तक्रार जुनी आहे, तिची मला फारशी काळजी वाटत नाही. काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. दहा वर्षांच्या मुलाची अशी खात्री झालेली असते की आपला नालासोपाऱ्याचा मामा, त्याची पाचव्या मजल्यावरची खोली, तिथे मामेभावाबरोबर रात्री बारापर्यंत रंगलेला कॅरम हे सगळं वहीत लिहिण्याच्या लायकीचं नाही. लिहिण्यासाठी दुसरं, चांगलं आयुष्य हवं. ते गाईडमध्ये मिळतं. आता तर मोबाइलवर मिळतं. 'दहा ओळींचा पाठवा ना बाई' असे पालकांचे निरोपही येतात.

आता गिरगावात उन्हाळा कसा असतो ते बघा. आपल्या वाड्यांची नावंच घ्या : फणसवाडी, आंबेवाडी, केळेवाडी, कांदेवाडी. मुलांना विचारा, फणसवाडीत फणस कुठे आहे? आधी हसतील, मग घरी जाऊन आजोबांना विचारतील. इथे एके काळी बागा आणि शेतं होती, ही गोष्ट नकाशापेक्षा त्या नावांतून पटकन कळते. मे महिन्यात त्याच वाड्यांच्या गच्च्यांवर जुन्या साडीवर कुरडया, सांडगे वाळत पडतात आणि राखणीला कोण? घरातलं सगळ्यात धाकटं. राखताना अर्ध्या ओल्या कुरड्या पोटात जातात, त्याचा हिशेब कुणी विचारत नाही. तिखट-मीठ लावलेली कैरी, गोळेवाल्याकडे 'काला खट्टा की ऑरेंज' यावरची भांडणं, ताडगोळ्याचं साल काढताना अंगावर उडणारं पाणी. विनय हेल्थ होममध्ये वर्षातून एकदा सगळ्या घराने मिळून खाल्लेली मिसळ. संध्याकाळी चालत चौपाटी, नाहीतर मलबार हिलवर जाऊन म्हातारीचा बूट. त्या बुटात आजोबा चढले, बाबा चढले, आता नातू चढतो. एवढ्या ऐवजावर एक चांगला निबंध होत नाही?

प्रवासाचंही तसंच. गाव असलेली मुलं आहेतच की. पण त्यांच्या निबंधात गावाला जाणं एका वाक्यात उरकलेलं असतं : 'आम्ही रेल्वेने गावी गेलो.' अहो, त्या एका वाक्यात केवढं महाभारत दडलेलं असतं! १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली, त्याआधीच्या पिढीला एसटीची रातराणी आणि घाटातली उलटी आठवते. आताच्या पिढीला तिकीट आठवेल. नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचं आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडतं. म्हणजे मेच्या पहिल्या आठवड्यात निघायचं तर मार्चच्या सुरुवातीला सकाळी आठच्या ठोक्याला बाबा, काका आणि ताई अशी तिघं तीन मोबाइल घेऊन बसलेली. पाच मिनिटांत वेटिंग. त्यातच २०२५ साली पहिली ते नववीच्या वार्षिक परीक्षा २५ एप्रिलपर्यंत लांबल्या. सगळ्या शाळांत एकसारखं वेळापत्रक असावं आणि एप्रिलमध्येही शिकवणं चालू राहावं, हा त्यामागचा विचार मला पटण्यासारखा वाटला. पण एप्रिलच्या उन्हात पेपर लिहिणारी मुलं आणि काढलेली तिकिटं रद्द करणारे पालक, दोघांचंही म्हणणं खोटं नव्हतं. हा सगळा गोंधळ ज्या मुलाने आपल्या घरात पाहिला, त्याला त्याबद्दल चार वाक्यं लिहायला सांगून बघा. 'झुळझुळ' हा शब्द त्यात येणार नाही.

ज्यांना गावच नाही त्यांनी काय करायचं, असं काहीजण विचारतील. भाऊच्या धक्क्यावरून लाँचने रेवसला जाऊन संध्याकाळी परत येता येतं. समुद्र, डिझेलचा वास, मागे लागलेले पक्षी, पलीकडची एसटी, सगळं एका दिवसात. गावदेवीचं मणिभवन तर चालत जाण्यासारखं आहे. १९१७ ते १९३४ या काळात मुंबईत आले की गांधीजी तिथे राहत. पण तेही जमलं नाही म्हणून कुणाचा निबंध अडू नये. आईबाबा कामाला गेलेले आणि आपण धाकट्या भावाला सांभाळत दुपारभर खोलीत बसलेलो, हीसुद्धा सुट्टीच आहे. फक्त ती वर्गात मोठ्याने वाचायला लावू नका. काही वह्या बाईंनी एकटीनेच वाचायच्या असतात.

आणखी एक. निबंधातल्या सुट्टीत बातमी कधीच शिरत नाही. ठरलेला शेवट असतो : शाळा सुरू व्हायची वेळ येते, पहिला पाऊस पडतो, मातीचा सुगंध दरवळतो. २०२५ चा खरा पाऊस २६ मे रोजीच आला. मुंबईत मान्सून एवढ्या लवकर आल्याची आधी नोंद नव्हती. गच्चीवरची वाळवणं उचलायलाही वेळ मिळाला नाही. वरळीच्या भुयारी मेट्रो स्थानकात पाणी शिरलं. जूनमध्ये मुलांनी काय लिहिलं? मातीचा सुगंध!

मेट्रोचंच घ्या. आपल्याकडची आज पाचवी-सहावीत असलेली मुलं रस्त्यावरच्या पत्र्यांच्या कडेकडेने चालत मोठी झाली. कुणाची इमारत त्यात गेली, कुणाचा मित्र दुसरीकडे राहायला गेला. ऑक्टोबर २०२५ मध्ये कफ परेडपर्यंतची पूर्ण मार्गिका आणि तिच्यावरचं गिरगाव स्थानक सुरू झालं. आता तीच मुलं गार हवेत उभी राहून सरकत्या जिन्यावर वर-खाली करतात, तिकिटाचे पैसे वसूल झाल्याशिवाय हलत नाहीत. आठ-नऊ वर्षांचा पत्र्याआडचा रस्ता आणि सरकता जिना या दोन्ही गोष्टी एकाच मुलाच्या अनुभवात आहेत. असा विषय कुठल्या गाईडमध्ये मिळेल?

भाषेवरून तर २०२५ चा अख्खा उन्हाळा तापला होता. पहिलीपासून तिसरी भाषा हवी की नको यावर घराघरात वाद झाले, गिरगाव चौपाटीवरून मोर्चा निघणार म्हणून घोषणा झाली, आणि २९ जूनला सरकारने दोन्ही शासननिर्णय रद्द केले. लहान मुलांवर भाषांचा भार नको हे माझंही मत आहे. पण पहिली भाषा जी आहे, त्या मराठीत आपलं मूल स्वतःच्या मनातलं एक तरी पान लिहितं का, याची चौकशी त्या वादात मला फारशी ऐकू आली नाही. मराठी शाळेतलं मूल मराठीत 'तसं कसं लिहिणार' म्हणतं, हे मला तिसऱ्या भाषेइतकंच गंभीर वाटतं.

'बाई, परीक्षेत मार्क तर सुविचार आणि अलंकारिक भाषेलाच पडतात,' असं पालक म्हणतात. बऱ्याच अंशी खरं आहे आणि ते बदलणं आपल्या शिक्षकांच्या लाल पेनात आहे. नमुना निबंध जरूर दाखवावेत. सुरुवात कशी करायची, परिच्छेद कसे पाडायचे हे त्यातून कळतं. पण दाखवून झाला की तो बाजूला ठेवायचा आणि फळ्यावर विषयच वेगळा लिहायचा. 'सुट्टी कशी घालवली' हे दहा वर्षांच्या मुलासाठी फार मोठं आहे, ४५ दिवस एका पानात कसे बसणार? त्याऐवजी विचारा : सुट्टीत सगळ्यात जास्त कंटाळा कधी आला आणि मग तू काय केलंस? घरात पहिला आंबा कुणी कापला आणि बाठा कुणाला मिळाला? दुपारी दोन वाजता तुमच्या वाडीत कोणकोणते आवाज येतात? शुद्धलेखनाच्या चुका होतील, त्या नंतर सुधारता येतात.

पालकहो, तुमच्याकडून एवढंच हवं आहे. जूनमध्ये मूल वही घेऊन बसलं की त्याला मोबाइल देऊ नका आणि वाक्यंही सांगू नका. त्याने विचारलं की आपण आठ दिवस नालासोपाऱ्यालाच होतो ते लिहू का, तर 'हो, लिही' म्हणा, आणि मामाच्या चाळीचं नाव नीट आठवत नसेल तर तेवढं सांगा.