सुईपलीकडचा गर्द

नालासोपाऱ्यात अमली पदार्थ पकडल्याची बातमी आता कोणाला धक्का देत नाही. जप्त मालाची किंमत छापून येते. तो घेणाऱ्याच्या शरीराचे काय होते, हे मात्र कोणी सांगत नाही. गर्द आणि एचआयव्ही यांचे नातेही आपण सुईपुरतेच पाहतो. सुईचा धोका मोठा आहेच. देशातील प्रौढांमध्ये एचआयव्हीचे प्रमाण सुमारे ०.२ टक्के आहे. २०२१च्या राष्ट्रीय पाहणीत सुईने नशा करणाऱ्यांत ते ९ टक्क्यांच्या घरात होते. पण प्रश्न तेवढ्यावर संपत नाही.

मॉर्फिन, हेरॉइन यांसारखे अफूवर्गीय पदार्थ मेंदूतील ज्या ग्राहींवर (रिसेप्टरवर) काम करतात, ते ग्राही रोगप्रतिकारक पेशींवरही असतात. एचआयव्हीला पेशीत शिरायला सीडी४ आणि बहुधा सीसीआर५ ही प्रथिने लागतात. प्रयोगशाळेत मॉर्फिनच्या संपर्कात आलेल्या पेशींवर सीसीआर५ वाढलेले आढळले. विषाणूला अडवणारी इंटरफेरॉनसारखी द्रव्ये मात्र घटली. दार उघडे आणि राखणदार पेंगलेला, अशी ही गत. शिवाय मॉर्फिनने आतड्याचे अस्तर कमकुवत होऊन जंतू रक्तात उतरतात, असे प्राण्यांवरील प्रयोगांत दिसले आहे. त्याच अस्तरावर एचआयव्हीचाही घाला असतो.

प्रयोगशाळेतला निष्कर्ष माणसाला जसाच्या तसा लावता येत नाही. उपासमार, क्षय, कावीळ, चुकलेल्या गोळ्या यांचा वाटा वेगळा काढणे अवघड असते. एचआयव्हीला दाबून ठेवणारी एआरटीची औषधे नियमित घेतली, तर व्यसनी रुग्णाचाही विषाणू आटोक्यात येतो. आणि कॅन्सरच्या असह्य वेदनांवर डॉक्टरांनी दिलेले मॉर्फिन या भीतीने नाकारणे तर निव्वळ क्रौर्य ठरेल.

खरी मेख गोळ्या नियमित घेण्यातच आहे. तलफ आली की माणसाला औषधाची वेळ आठवत नाही. सरकारच्या एड्स नियंत्रण कार्यक्रमात यावर ब्युप्रेनॉर्फिनचा उपाय आहे: केंद्रात जाऊन नर्ससमोर जिभेखाली गोळी विरघळवायची, तीही बहुधा रोज. ‘म्हणजे एक व्यसन सोडून दुसरे लावायचे?’ असा आक्षेप घेतला जातो. हे औषधही अफूवर्गीयच आहे; पण त्याचा परिणाम एका मर्यादेपलीकडे चढत नाही आणि दिवसभर टिकतो. तलफ शमते, सुई सुटते, एआरटीची वेळ पाळली जाते.

२०१७च्या एचआयव्ही कायद्याने स्वच्छ सुया आणि असे पर्यायी उपचार पुरवणाऱ्यांना कारवाईपासून संरक्षण दिले आहे. तेव्हा इथले पोलिस आयुक्तालय आणि महापालिकेचा आरोग्य विभाग यांनी गर्दुल्ल्याला हाकलण्याऐवजी चाचणी, एआरटी आणि ब्युप्रेनॉर्फिन एकाच छताखाली मिळतील अशी सोय करावी. विरारहून पहाटेची लोकल पकडून कामावर जाणाऱ्याला दुपारचे केंद्र उपयोगाचे नाही. केंद्राची वेळ ठरवताना त्याची हजेरीची वेळ आधी विचारावी.