ब्रेकमधली हवा, डोक्यातली हवा

“मेकॅनिकलला आहेस ना? मग बघ की जरा, गाडी का सुरू होत नाही ती!”

इंजिनिअरिंगला ॲडमिशन घेतल्यापासून हे वाक्य ऐकलं नाही असा प्राणी आपल्या हॉस्टेलमध्ये सापडणं कठीण. कॉम्प्युटरवाल्यांना लोक प्रिंटर दाखवतात, इलेक्ट्रिकलवाल्यांना मिक्सर आणि आम्हाला गाडी. फर्स्ट इयरला असताना एका लग्नात काकांनी अख्ख्या वऱ्हाडासमोर बॉनेट उघडून मला पुढे केलं. मी दोन मिनिटं गंभीर चेहऱ्याने आत पाहिलं. ऑटो सायकलचा ग्राफ आठवला, एफिशियन्सीचा फॉर्म्युला आठवला. पण बॅटरीच्या टर्मिनलवर जमलेला पांढरा-हिरवा थर काही दिसला नाही. तो दिसला शेजारच्या जीपच्या ड्रायव्हरला. त्याने टर्मिनल काढलं, गरम पाण्याने धुतलं, पॉलिश पेपरने घासलं, पाना फिरवून घट्ट केलं आणि गाडी सुरू! वऱ्हाड हसलं. मीही हसले, पण त्या रात्री झोप लागली नाही.

त्या दिवसापासून ठरवलं, आपल्या घरची गाडी आपण स्वतः दुरुस्त करायची. दोन वर्षं ते करतेय. त्यातून माझं एक मत तयार झालंय, आणि ते थोडं कडू आहे. जुनी गाडी घरी दुरुस्त करावी ती पैसे वाचवायला नव्हे, आपल्याला काय येत नाही ते कळावं म्हणून. हे शिक्षण आपल्या वर्गात मिळत नाही.

आमची गाडी म्हणजे १९९४ ची मारुती ८००. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठी, म्हणजे खरं तर ताईच. ही गाडी १९८३ च्या डिसेंबरमध्ये बाजारात आली आणि २०१४ च्या जानेवारीत तिचं उत्पादन थांबलं. आमच्या ताईची पंधरा वर्षांची नोंदणी २००९ मध्ये संपली, मग दर पाच वर्षांनी नूतनीकरण. २०२४ च्या वेळी फी पाच हजार रुपये झाली होती. आई म्हणाली, “एवढ्यात भंगारवाला उलट आपल्याला पैसे देईल!” बाबा काही बोलले नाहीत, फॉर्म भरून आले.

शिकायला मात्र या गाडीसारखी गुरू नाही. ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन, त्यावर कार्बोरेटर, इग्निशनला डिस्ट्रिब्युटर आणि सी.बी. पॉइंट. सगळं डोळ्यांना दिसतं, हाताला लागतं. गाडी अडखळायला लागली की तीनच प्रश्न: स्पार्क येतोय का, पेट्रोल येतंय का, हवा बरोबर जातेय का? प्लग काढायचा आणि त्याचं तोंड बघायचं. विटकरी-तपकिरी असेल तर सगळं ठीक. काजळी धरलेली असेल तर पेट्रोल जास्त किंवा स्पार्क कमजोर. ओलसर तेलकट असेल तर इंजिनमधलं ऑइल वर येतंय. फिलर गेज घालून गॅप बघायची, पॉइंटवरचे खड्डे घासायचे. पहिल्यांदा हे सगळं करून मी चावी फिरवली आणि तिन्ही सिलिंडर एका सुरात बोलायला लागले, तेव्हा मला बारावीच्या रिझल्टपेक्षा जास्त आनंद झाला. अतिशयोक्ती नाही!

दुसरं एक शिक्षण झालं ते भाषेचं. मी कॉन्व्हेंटची. मराठी आमच्याकडे मार्कांपुरतं. उद्यमनगरात स्पेअर पार्टच्या काउंटरवर मी जेव्हा पुस्तकी इंग्रजीत ‘थ्रेड स्ट्रिप’ झाल्याचं सांगितलं, तेव्हा काउंटरवरच्या दादांनी माझ्याकडे प्रेमाने पाहिलं आणि विचारलं, “आटे गेले म्हणा की!” ‘आटे’, ‘वायसर’, ‘घोडी’, ‘हवा काढणे’ हे सगळे शब्द मी तिथे शिकले. शब्द माहीत नसला तर वस्तू मिळत नाही. आणि कधी कधी शब्दच फसवतो. सगळेजण ‘ब्रेक ऑइल’ म्हणतात, पण ते ऑइल नाहीच. त्याच्या जागी चुकून इंजिन ऑइल घातलं तर ब्रेकमधले रबरी सील फुगतात आणि ब्रेक निकामी होतात. डब्यावर ‘डॉट ३’ लिहिलेलं असतं ते याचसाठी.

ब्रेकचा विषय निघालाच आहे, तर ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला ती सांगून टाकते.

गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत मी ब्रेक ऑइल बदलायला घेतलं. ते हवेतलं पाणी शोषून घेतं. नवं कोरडं डॉट ३ साधारण २०५ अंशांना उकळतं, पाणी शोषल्यावर ते १४० च्या आसपास येऊ शकतं, म्हणून ते ठरावीक काळाने बदलावं लागतं. हे सगळं मला तोंडपाठ. बाबा सीटवर बसून पेडल दाबत होते, मी चाकापाशी बसून निप्पल उघडत-मिटत होते. मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात करायची, तीही केली. तिसऱ्या चाकाला आले तेव्हा लक्षात आलं की वरच्या डबीतलं ऑइल पार खाली गेलंय. तळ दिसत होता. मी पटकन वरून ओतलं आणि पुढे चालू ठेवलं. काम संपलं. पेडल दाबून पाहिलं तर किंचित मऊ वाटलं. बाबांनी विचारलं, “झालं ना नीट?” मी म्हटलं, “एकदम मस्त!”

गल्लीत चक्कर मारली, गाडी थांबत होती. दुसऱ्या दिवशी रविवार, आम्ही चौघं पन्हाळ्याला गेलो. उतरताना, वाघबीळ यायच्या आधीच्या उतारावर, बाबांनी ब्रेक दाबला आणि पेडल थेट खाली गेलं. बाबांनी काही न बोलता दोन-तीनदा पेडल मारलं, गिअर सेकंडला टाकला, मग फर्स्टला, आणि हँडब्रेक हळूहळू ओढत गाडी डोंगराच्या बाजूला घेऊन थांबवली. हँडब्रेक मागच्या चाकांना केबलने जोडलेला असतो, त्याचा ऑइलशी संबंध नाही, म्हणून तो लागला. मागच्या सीटवर माझा नववीतला भाऊ गाणी ऐकत होता. त्याला काही कळलंसुद्धा नाही. आईला कळलं. तिने फक्त माझ्याकडे पाहिलं.

संध्याकाळी गाडी टो करून आमच्या मिस्त्रीकाकांकडे नेली. त्यांनी दोनच प्रश्न विचारले. “डबी कोरडी पडली हुती का?” आणि “पेडल मऊ लागत हुतं, तरी गाडी बाहेर काढलीस?” दोन्हीची उत्तरं ‘हो’ होती. डबी रिकामी झाली की हवा आत ओढली जाते. ऑइल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते. म्हणजे पाय जो दाब देतो तो चाकापर्यंत पोचायच्या ऐवजी हवेचा बुडबुडा चेपण्यात जातो. उतारावर ब्रेक तापले की तो बुडबुडा आणखी फुगतो. हा पास्कलचा नियम मी एकदा परीक्षेत लिहिला होता, एकदा व्हायव्हात सांगितला होता आणि दोन्ही वेळा मार्क मिळाले होते.

आता माझा मुद्दा. मला त्या दिवशी माहिती कमी पडली नव्हती. डबीचा तळ मी पाहिला होता, मऊ पेडल पायाला जाणवलं होतं. पण मी ते ‘ॲडजस्ट’ केलं. मित्र-मैत्रिणींनो, हा शब्द ओळखीचा वाटतोय ना? प्रॅक्टिकलला ग्राफवर एखादा पॉइंट रेषेबाहेर गेला की आपण काय करतो? खोडरबर घेतो आणि त्याला रेषेवर आणून बसवतो. सबमिशनच्या आदल्या रात्री एका जर्नलवरून अख्खी विंग उतरवते. सर सही करतात, आपण खूश. चार वर्षं आपल्याला नेमकी हीच सवय लागते: जे रीडिंग बसत नाही ते दिसलंच नाही असं समजायचं. मी तीच सवय घेऊन घरी गेले आणि चौघांना त्या गाडीत बसवलं. सर-मॅडमची माफी मागून सांगते, माझ्या जर्नलमध्ये आजवर एकही प्रयोग फसलेला नाही. यापेक्षा खोटी गोष्ट कुठली असेल?

गाडी जर्नल तपासत नाही. तिला सही लागत नाही, कॉपी चालत नाही, आणि व्हायव्हा ती उतारावर घेते.

मग घरी दुरुस्ती करूच नये का? आई त्या मताची झाली होती. बाबा म्हणाले, “पुढच्या रविवारी परत कर. पण मिस्त्रींच्या समोर.” मी केलं. काकांनी एकाही पान्याला हात लावला नाही, नुसते स्टुलावर बसून बघत होते. डबी अर्ध्यावर आली की भरायची. पेडल दाबलेलं असतानाच निप्पल मिटायचं, मगच पाय उचलायचा. नळीतून एकही बुडबुडा येईना झाला की ते चाक झालं. आणि शेवटी पेडल दगडासारखं लागलं पाहिजे. ‘साधारण बरं’ असा प्रकारच नाही. बाबांचं ते वाक्य नसतं, तर मी हा लेख लिहिला नसता आणि पानाही पुन्हा धरला नसता.

तेव्हापासून मी कामांचे तीन कप्पे केलेत. पहिला कप्पा खुशाल एकट्याने करायचा: एअर फिल्टर, प्लग, बॅटरी, वायपर, बल्ब, इंजिन ऑइल. इथे चुकलात तर सहसा जिवावर बेतत नाही. (काळं ऑइल मात्र गटारात ओतायचं नाही. गॅरेजवाल्यांचा ड्रम असतो, त्यात नेऊन द्यायचं.) दुसरा कप्पा जाणकार माणूस शेजारी बसवून: ब्रेक, क्लच केबल, पेट्रोलच्या नळ्या. या नळ्यांकडे सध्या जास्तच लक्ष द्यायला हवं, कारण २०२५ पासून आपल्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आहे आणि जुन्या गाड्यांचं रबर त्याचा विचार करून बनवलेलं नव्हतं. पेट्रोलचा वास आला तर ‘येतो कधी कधी’ म्हणून सोडून देऊ नका. तिसरा कप्पा सरळ गॅरेजला: स्टिअरिंग, सस्पेन्शनच्या स्प्रिंग, वेल्डिंग. आणि एक नियम तिन्ही कप्प्यांना लागू: नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जायचं नाही. खाली घोडी लावायची, विटा नाही. वीट फुटायच्या आधी सूचना देत नाही.

काही जण म्हणतील, हे जुन्या गाड्यांचं कौतुक कशाला? आता सगळं सेन्सरवर चालतं, लॅपटॉप लावला की फॉल्ट कळतो. अगदी चूक! स्कॅनरवर ‘पी०३०१’ असा कोड आला, तर त्याचा अर्थ पहिल्या सिलिंडरमध्ये मिसफायर आहे एवढाच. दोष प्लगचा, कॉइलचा, इंजेक्टरचा की कॉम्प्रेशनचा, हे मशीन सांगत नाही. तिथे पुन्हा तेच तीन प्रश्न आणि तोच पाना. ज्याने कार्बोरेटरवर विचार करायची सवय लावली, त्याला कोड उपयोगी पडतो; बाकीचे एकेक पार्ट बदलत बसतात आणि बिल गिऱ्हाइकाचं होतं.

दुसरी गोष्ट हक्काची. २०१४ च्या ऑगस्टमध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींहून जास्त दंड ठोठावला, कारण स्पेअर पार्ट आणि तपासणीची साधनं बाहेरच्या गॅरेजवाल्यांना खुलेपणाने मिळत नव्हती. २०२२ मध्ये केंद्र सरकारने ‘राइट टू रिपेअर’चं पोर्टल सुरू केलं, त्यात गाड्याही आहेत. छान आहे. पण ज्याला बॉनेटखालचं काही ओळखता येत नाही, त्याने हा हक्क बजावायचा कसा? हक्क कागदावर मिळतो, हात स्वतःलाच तयार करावे लागतात.

म्हणून कॉलेजकडे एक मागणी. आपल्या लॅबमध्ये एक कट-सेक्शन इंजिन आहे. लाल, निळा, पिवळा रंग दिलेलं, सुंदर. ते कधीच सुरू होणार नाही, म्हणून कधीच बिघडणार नाही. त्याच्या शेजारी एक जुनी, चालती, रडकी गाडी आणून ठेवा. प्रत्येक बॅचने ती एकदा बिघडवावी आणि एकदा दुरुस्त करावी. आणि जर्नलमध्ये एक पान असं ठेवा, ज्यावर ‘काय चुकलं’ एवढंच लिहायचं. ते पान कोरं असेल तर सही देऊ नका.

माझ्या जर्नलमधलं ते पान मी इथे लिहिलंय. ब्रेकमधली हवा काढायला मला दोन रविवार लागले. डोक्यातली अजून थोडी बाकी आहे. पुढच्या सुट्टीत बघू!