विम्याचा सर्वेअर आता येणार नाही, कापणीच्या दिवशी आपणच हजर राहू



आठ दिवसांपासून कंपनीच्या फोनवर एकच विचारणा सुरू आहे, "सोयाबीनमध्ये पाणी साचलंय, विम्याचा माणूस कधी येणार?" स्पष्टच सांगतो, तो येणार नाही.

आधी ७२ तासांत तक्रार नोंदवली की विमा कंपनीचा सर्वेअर बांधावर यायचा. खरीप २०२५ पासून आपल्या राज्यात योजनेतला हा भाग बंद झाला. आता भरपाई ठरते ती पीक कापणी प्रयोगातून निघणाऱ्या महसूल मंडळाच्या सरासरी उत्पादनावर. सध्या तलाठी आणि कृषी सहायक करतात तो पंचनामा सरकारी मदतीसाठी आहे. तो जरूर करून घ्या, पण विमा त्यावर मिळत नाही.

सर्वेअरबद्दल आपली नाराजी होतीच. मोटारसायकलवर येणारा पोरगा, दिवसभरात किती तरी शेतं, बांधावरूनच नुकसानीचा अंदाज, आणि आपणही फॉर्म न वाचता सही करून मोकळे. पण निदान तो आपल्या शेतात तरी यायचा. नव्या पद्धतीत नाल्याकाठचं एकट्याचं रान वाहून गेलं तरी मंडळाची सरासरी चांगली असेल तर हातात काही पडत नाही. डागी सोयाबीनही वजनात धरलं जातं, बाजारात मात्र त्याला भाव नाही. हा अन्याय आहे आणि शासनाकडे मागणी लावून धरलीच पाहिजे.

पण मागणी मान्य होईपर्यंत हातातलं सोडू नका. हिशोब असा आहे. मागच्या सात वर्षांतल्या चांगल्या पाच वर्षांची सरासरी काढतात, तिच्या ७० टक्के म्हणजे उंबरठा उत्पादन. समजा ते हेक्टरी १० क्विंटल आहे आणि यंदा मंडळाचं ८ क्विंटल निघालं. तूट २० टक्के, म्हणजे विमा संरक्षित रकमेच्या २० टक्के भरपाई. ९ क्विंटल निघालं तर निम्मीच. एका क्विंटलचा फरक अख्ख्या मंडळाला भोवतो, आणि तो ठरतो मोजक्या शेतांतल्या छोट्या चौकोनात.

मग त्या दिवशी आपण कुठे असतो? बहुतेक गावांत प्रयोग कधी झाला हेच कुणाला माहीत नसतं. माझ्या मते आपली खरी चूक इथे आहे. वजनाचा काटा आपल्या गावात लागतो आणि आपण तो बघायला जात नाही.

काही जण म्हणतात, जाऊ आणि वजन कमी लिहायला लावू. हे करू नका. विमा कंपनीचा प्रतिनिधी तिथे असू शकतो. त्याने हरकत घेतली की सगळ्या मंडळाचे पैसे अडकतात. शिवाय आजचं उत्पादन उद्याच्या उंबरठ्यात धरलं जातं. दरवर्षी खोटं कमी दाखवत गेलो तर उंबरठाच खाली येईल आणि खरं नुकसान होईल त्या वर्षी भरपाई मिळणार नाही. आपल्याला खरं वजन हवंय, बस.

*एवढं करा :*
१. कृषी सहायकाकडे जाऊन आपल्या गावात कोणते गट नंबर निवडलेत आणि कापणी कधी, ते आजच विचारा.
२. आपला गट निवडला असेल तर प्रयोगाआधी सोयाबीन काढू नका. काढणीला आलं की लगेच कळवा.
३. गावातले दोन-चार जण हजर राहा. जागा नियमाप्रमाणे निवडली का, टेपने मोजली का, काटा शून्यावर आहे का, बघा.
४. ओला माल जास्त भरतो. सुकवून पुन्हा वजन घेणार का, विचारा.
५. नोंद वाचल्याशिवाय सही नको. फोटो काढून ठेवा.

प्रयोगाची तारीख कळली की कंपनीच्या फोनवर टाका, आम्ही मंडळातल्या सगळ्या सभासदांना कळवू. पावती भरली म्हणजे विमा झाला असं नाही, काट्याजवळ उभं राहायलाही वेळ काढावा लागेल.

आपला,
अध्यक्ष, संचालक मंडळ