शांत शहर की रिकामे शहर?

निवृत्ती जवळ आली की ठाणे-डोंबिवलीच्या मध्यमवर्गीय घरांत एक विषय हमखास निघतो. येथील सदनिका विकावी, सांगली, सातारा, नाशिक अशा एखाद्या शहरात ऐसपैस घर घ्यावे, उरलेली रक्कम बँकेत ठेवावी आणि लोकलच्या गर्दीतून कायमचे सुटावे. विचार वावगा नाही. चिंता वाटते ती निर्णय घेण्याच्या पद्धतीची. दिवाळीच्या सुट्टीत दोन दिवस जायचे, गणपतीचे दर्शन घ्यायचे, रिक्षावाला अदबीने बोलला, भाजी ताजी मिळाली, एवढ्यावरून गाव 'निवांत' असल्याचा निर्वाळा द्यायचा आणि परतताना विसार देऊन मोकळे व्हायचे! मुलीसाठी स्थळ पाहताना आपण याहून कितीतरी अधिक चौकशी करतो.

सांगलीचेच उदाहरण घेऊ. १९९८ मध्ये सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून एकच महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या पाच लाखांच्या घरात होती. हळद-बेदाण्याची बाजारपेठ, विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणल्यापासूनचा नाट्यवारसा, मिरजेची रुग्णालये आणि तेथे तंबोरे घडविणारी घराणी, हे सारे मोहात पाडणारेच आहे. कृष्णाकाठी संध्याकाळी बसले की मुंबईकराचा जीव खरोखरच भांड्यात पडतो.

परंतु शहराची गती कमी असण्याची कारणे दोन असू शकतात. माणसांना एकमेकांसाठी वेळ आहे, म्हणून गती संथ असेल. किंवा कर्ती पिढीच गाव सोडून गेली, म्हणून असेल. एक स्वास्थ्य आहे, दुसरी मरगळ. पाहुण्याच्या डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात, आणि घर घेतल्यावर वर्षभरात फरक कळतो.

या बाबतीत आपल्या प्रवासी कार्यकर्त्यांकडून शिकण्यासारखे आहे. ते हॉटेलात उतरत नाहीत, घरांत उतरतात. गृहिणी ताट वाढीत असता घरातील मुलगा कोठे आहे, सुना-नातवंडे कोठे राहतात, हे सहज बोलण्यात येते आणि गावाची कुंडली समोर मांडली जाते. सायं शाखेवर बाल किती येतात, हा प्रश्न आपण बैठकीत संख्येसाठी विचारतो. प्रभात शाखेवर प्रौढांची दाटी आणि सायं शाखेचे मैदान ओस, असे वृत्त आले की ती संघटनेची अडचण म्हणून नोंदवितो. वास्तविक ती त्या वस्तीची नाडी असते. १९४७ साली सुरू झालेले आणि आज वालचंद या नावाने ओळखले जाणारे अभियांत्रिकी महाविद्यालय सांगलीत आहे. तेथून बाहेर पडणाऱ्या कित्येकांना नोकरीसाठी पुण्याचा रस्ता धरावा लागतो. त्यांचे आई-वडील मागे राहतात. मुंबईहून आलेले निवृत्त दांपत्य शेजारी राहू लागले, तर एका एकाकी घराशेजारी दुसरे एकाकी घर उभे राहिले, एवढेच होते. रात्री दोन वाजता छातीत दुखू लागले, तर गाडी काढणारे हात त्या गल्लीत कोणाचे आहेत, हे विसार देण्यापूर्वी पाहिलेले बरे.

दुसरी परीक्षा नदीची. १९२९ मध्ये खुल्या झालेल्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी मोजली जाते. तेथे ४५ फूट ही धोक्याची पातळी. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेले. त्यापूर्वी २००५ मध्ये आणि नंतर २०२१ मध्येही शहरात पाणी शिरले. दिवाळीत घर पाहणाऱ्याला यातले काही दिसत नाही, आणि दलाल ते आपण होऊन सांगणार नाही. म्हणून गावभागात कोणत्याही घरी जाऊन विचारावे, 'पाणी कुठवर आले होते?' यजमान भिंतीवरची खूण दाखवतील. पण तेवढ्यावर थांबू नये. 'तुमच्याकडे कोण आले होते?' हेही विचारावे. स्वयंसेवक, गणेश मंडळांची पोरे, शेजारच्या गल्लीतील नाव आठवत नसलेला कोणी तरुण, अशी उत्तरे मिळू लागली तर ते शहर जिवंत आहे असे समजावे. नव्या वसाहतीतील एखाद्या सदनिकेत 'कोणी आले नाही, आम्ही कोणाला ओळखतच नव्हतो' असेही ऐकू येईल. तो दोष मात्र शहराचा म्हणता येत नाही.

कारण आपण जातो ते बहुधा ग्राहक म्हणून. गाव शांत हवे, पण मंडळाचा ढोल नको; दुकानदाराने दुपारी घरी जेवायला जाऊ नये; मागविलेली वस्तू दहा मिनिटांत दारी यावी. वर्गणी मागायला आलेल्या मुलांना दारातूनच वाटेला लावायचे आणि शेजारधर्म लोपला म्हणून हळहळायचे, हे दोन्ही एकाच घरात चालते.

घरातील गृहिणीचा विचार तर सर्वांत शेवटी होतो. पुरुषाला वाचनालय, सकाळचा कट्टा, प्रभात शाखा आठवडाभरात सापडते. तीस वर्षांचे भजनी मंडळ, समितीच्या मैत्रिणी, हळदीकुंकवाची घरे मागे टाकून जाणारी स्त्री नव्या गावी दुपारी कोणाकडे जाणार? 'तिलाही आवडेल' हे गृहीत धरलेले असते. तिने स्वतंत्रपणे चार घरी जाऊन यावे आणि मग तिचे मत प्रथम ऐकावे.

डोंबिवलीचे घर लगेच विकण्याची घाई करू नये. ते भाड्याने द्यावे आणि जेथे जायचे तेथे आषाढ ते अश्विन भाड्याच्याच घरात राहून पाहावे. पावसाळाभर अंगणात चिखल असेल, वीज जाईल, नवरात्रात रात्री उशिरापर्यंत ध्वनिक्षेपक वाजेल. दिवाळीपर्यंत वाणी नावाने हाक मारू लागला आणि शेजारच्या घरातून फराळाचे ताट आले, तर मग दलालाला फोन करण्यास हरकत नाही.