मनूच्या नावेला प्रमाणपत्र कशाला?

१६ एप्रिल २०२४चा मंगळवार यूएईत राहणारा कुठलाही मराठी माणूस सहजी विसरणार नाही. गुढीपाडवा होऊन बरोबर आठवडा झाला होता. घरूनच काम करा, असं ऑफिसने आदल्या दिवशीच कळवलं होतं. दुपारपर्यंत शारजातल्या आमच्या बिल्डिंगसमोरचं पार्किंग दिसेनासं झालं आणि संध्याकाळी गाड्यांची फक्त टपं पाण्यावर दिसत होती. अल ऐनजवळच्या खत्म अल शकला इथे चोवीस तासांच्या आत २५४ मिलिमीटर पाऊस पडला. १९४९ पासून इथे नोंदी ठेवल्या जातात, तेव्हापासूनचा हा विक्रम. कोकणातल्या माणसाला हा आकडा जुलैतल्या एखाद्या दिवसाचा वाटेल. पण ज्या देशात वर्षाकाठी साधारण शंभर मिलिमीटर पाऊस होतो, तिथे एका दिवसात दोन-अडीच वर्षांचं पाणी आलं होतं.

त्या रात्री पुण्याहून बाबांचे तीन मेसेज आले. पहिले दोन काळजीचे. तिसरा फॉरवर्ड होता. मत्स्यावतार आणि मनूची नाव ही खरी घडलेली घटना असल्याचं पाश्चात्त्य शास्त्रज्ञांनीही आता मान्य केलं आहे, हिमालयावर सापडणारे शंख-शिंपले हा त्याचा पुरावा आहे, आणि आपल्या ऋषींना हे हजारो वर्षांपूर्वीच ठाऊक होतं, असा मजकूर. खाली नेहमीप्रमाणे, ‘अभिमान वाटत असेल तर पुढे पाठवा.’

लिफ्ट बंद होती, नळाला पाणी नव्हतं, मी वैतागलेला होतो. मी लिहिलं, ‘बाबा, असलं काही पाठवत जाऊ नका.’ त्यानंतर दोन दिवस त्यांचा मेसेज आला नाही. तिसऱ्या दिवशी आईचा फोन आला, ‘एवढं तोडून बोलायची गरज होती का?’

नव्हती. पण फॉरवर्ड खरा आहे असंही मी म्हणू शकत नव्हतो. परदेशातल्या अनेक घरांत हा पेच आहे, म्हणून हे लिहितोय. तिकडे आईवडील अशी ‘शास्त्रीय’ पुराणं पाठवतात. इकडे मुलं शाळेतून डायनासोर आणि हिमयुग शिकून येतात. मधे आपण. एका बाजूला खोटं बोलायचं नाही, दुसऱ्या बाजूला मन दुखवायचं नाही. मग बहुतेक जण अंगठा दाखवून मोकळे होतात.

मी इंजिनिअर आहे, तेव्हा आधी आकडेमोड. पर्वत बुडवणारा, चाळीस दिवसांचा पाऊस बायबलमधला आहे. मनूच्या कथेत दिवसांचा आकडाच नाही. तरी सगळी पृथ्वी बुडाली असं धरून चालू. एव्हरेस्ट ८,८४९ मीटर. चाळीस दिवसांत तिथवर पाणी चढायचं, तर दिवसाला सुमारे २२१ मीटर, म्हणजे तासाला नऊ मीटर. दर तासाला तीन मजले! २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला दिवसभरात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तर मुंबईची काय अवस्था झाली ते आपल्याला माहीत आहे. इथे त्याच्या दोनशे पटींहून जास्त पाऊस हवा, तोही रोज आणि सगळ्या पृथ्वीवर. एवढं पाणी आणायचं कुठून? वातावरणातली सगळी वाफ एकाच वेळी पाणी होऊन पृथ्वीभर सारखी पसरली, तर थर होतो जेमतेम अडीच सेंटिमीटरचा. जगातला सगळा बर्फ वितळला तरी समुद्र सत्तर मीटरच्या आतबाहेरच चढेल. म्हणजे सगळी पृथ्वी बुडवणारा प्रलय विज्ञानात बसत नाही. यात ‘काहींचं मत’ वगैरे भानगड नाही.

मग डोंगरावरचे शिंपले? हा प्रश्न आमच्या आठ वर्षांच्या मुलीनेच मला विचारला. त्याच वर्षी डिसेंबरात आम्ही शारजाच्या वाळवंटात, म्लेहाला गेलो होतो. तिथे फॉसिल रॉक नावाचा डोंगर आहे. त्याच्या दगडांत समुद्री जीवांचे अवशेष अडकलेले दिसतात. समुद्र तिथून कितीतरी लांब. ती म्हणाली, ‘बाबा, आबांनी सांगितलं ते खरंच आहे. मनूच्या वेळी इथे पाणी आलं होतं.’

तिचं निरीक्षण बरोबर होतं, निष्कर्ष चुकीचा. ते जीव पुराबरोबर डोंगरावर वाहून आले नाहीत. ते समुद्राच्या तळाशीच जगले, मेले, गाळात पुरले गेले. गाळाचा दगड झाला आणि नंतर तो तळच वर उचलला गेला. ही गोष्ट सात कोटी वर्षांच्या आसपासची, माणूस नावाचा प्राणी जन्मायच्या कितीतरी आधीची. हिमालयाचंही तसंच. भारताचा भूभाग आशियाला जाऊन भिडला आणि मधल्या टेथिस समुद्राचा तळ वर आला. घरी आल्यावर मी तिला देव्हाऱ्यातला शाळिग्राम दाखवला. नेपाळच्या गंडकी नदीत मिळणाऱ्या शाळिग्रामातलं चक्र म्हणजे अमोनाइट नावाच्या समुद्री जीवाच्या शंखाचा ठसा असतो, कोट्यवधी वर्षांपूर्वीचा. विष्णू म्हणून आपण ज्याच्यावर तुळस वाहतो, तो त्या लुप्त झालेल्या समुद्राचा तुकडा आहे. ती बराच वेळ तो हातात धरून बसली. खरं सांगायचं तर तेवढ्या भक्तिभावाने मीही तो कधी हातात घेतला नव्हता.

आता दुसरी बाजू. एवढं बोलून हसून सोडून देणारेही आपल्यात बरेच आहेत, आणि तेही मला पटत नाहीत. कारण आपण यूएईत राहणारे लोक एका खऱ्या, फार मोठ्या बुडालेल्या प्रदेशाच्या काठावर राहतो, आणि आपल्यातल्या बहुतेकांना त्याचा पत्ताच नाही.

दुबईच्या कॉर्निशवरून दिसणारं हे आखात फार उथळ आहे. सरासरी खोली ३५ मीटरच्या आसपास. सुमारे २० हजार वर्षांपूर्वी हिमयुग ऐन भरात होतं, तेव्हा जगातलं एवढं पाणी बर्फात अडकलं होतं, की समुद्राची पातळी आजच्यापेक्षा १२० मीटरच्या आसपास खाली होती. म्हणजे आखात नव्हतंच. होर्मुझच्या सामुद्रधुनीपर्यंत कोरडी जमीन होती आणि तैग्रिस-युफ्रेटिसचं पाणी त्या खोऱ्यातून वाहत होतं. मग बर्फ वितळू लागला. साधारण १४ हजार वर्षांपूर्वी होर्मुझमधून समुद्र आत शिरायला लागला आणि सहा हजार वर्षांपूर्वीच्या सुमारास किनारा आजच्या जागी आला, काही ठिकाणी थोडा आतही गेला. आखाताची लांबी हजार किलोमीटरच्या घरात. आठ हजार वर्षांनी भागलं तर समुद्र वर्षाला सरासरी सव्वाशे मीटर पुढे सरकला. हा वेग सारखा नसणार, कधी थांबला असेल, कधी सपाट जागी धावला असेल. पण सरासरीच धरली तरी चाळीस वर्षांत पाच किलोमीटर. आजीने जिथे चूल मांडली, तिथे नातवाच्या काळात समुद्र.

या खोऱ्यात माणसं राहत होती का? २०१० मध्ये जेफ्री रोज या पुरातत्त्वज्ञाने मांडलं, की हे खोरं म्हणजे वाळवंटातलं मोठं हिरवं आश्रयस्थान असावं. त्यांच्या मांडणीवर वाद आहे, कारण पुरावा असला तर तो समुद्राखाली आहे. पण अबुधाबीच्या घाघा बेटावर साडेआठ हजार वर्षांपूर्वीची दगडी बांधकामं सापडली आहेत. पाणी चढत होतं त्या काळात या किनाऱ्यावर माणसांची घरं होती, एवढं तर नक्की.

आणि याच आखाताच्या उत्तर टोकाला जगातल्या सगळ्यात जुन्या लिखित प्रलयकथा मिळतात. १८७२ मध्ये ब्रिटिश म्युझियममध्ये जॉर्ज स्मिथने गिलगामेशच्या विटेवरची प्रलयकथा वाचली, तेव्हा युरोपात खळबळ उडाली. १९२९ मध्ये लेनर्ड वुली यांना उर इथल्या उत्खननात तीनेक मीटर जाडीचा गाळाचा थर मिळाला आणि ‘नोहाचा पूर सापडला’ असा गाजावाजा झाला. पुढे लक्षात आलं, की उर, किश आणि शुरुप्पक इथले पुराचे थर एका काळाचे नाहीतच. नद्यांच्या देशात पूर येतच असतात.

मग मनूची कथा म्हणजे बुडालेल्या आखाताची आठवण म्हणायची का? मोह होतो. सिंधू संस्कृतीतली वजनं इथे उम्म अल क्वैनजवळच्या टेल अब्राकला सापडली आहेत. म्हणजे माणसं आणि माल चार हजार वर्षांपूर्वीपासून ये-जा करतोय, आपण काही पहिले नाही. मालाबरोबर गोष्टीही गेल्या-आल्या असतील. आठवण इतकी टिकू शकते का, यालाही उत्तर आहे. ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींच्या बुडालेल्या किनाऱ्यांच्या कथा पॅट्रिक नन आणि निकोलस रीड यांनी २१ ठिकाणांहून गोळा केल्या, आणि त्या सात हजार वर्षांहून जुन्या असाव्यात असं मांडलं. पण त्या कथांत जागेचं नाव आहे. अमुक बेट पूर्वी किनाऱ्याला जोडलेलं होतं, असं त्या सांगतात, म्हणून समुद्राच्या खोलीशी ताडून बघता येतं. आपल्या शतपथ ब्राह्मणात फक्त ‘उत्तरेकडचा पर्वत’ आहे. ताडून कशाशी बघणार? म्हणून माझं उत्तर असं: असू शकतं, पण सिद्ध झालेलं नाही. ‘असू शकतं’चं ‘सिद्ध झालं’ करणं, हाच फॉरवर्डचा अपराध.

ऑफिसच्या पँट्रीत एकदा हा विषय निघाला. इजिप्तच्या मित्राने नूहची नौका जूदी डोंगरावर टेकल्याचं सांगितलं, कोट्टायमच्या मित्राने अरारातचं नाव घेतलं, मी मनूचं. मग तिघांनी आपापले फॅमिली ग्रुप उघडून दाखवले. तिघांकडेही ‘शास्त्रज्ञांनी मान्य केलं’ होतं! तेच शिंपले, तोच गाळ, फक्त नाव वेगळं. एकच पुरावा तिघांच्या वेगवेगळ्या गोष्टी सिद्ध करत असेल, तर तो कुणाचीच सिद्ध करत नाही.

आणि आपल्या पूर्वजांनी ही कथा कधी पंचनाम्यासारखी जपलीच नव्हती. शतपथ ब्राह्मणात मनू एकटाच नावेत बसतो आणि मासा कोण आहे हे सांगितलेलंच नाही. महाभारतातल्या वनपर्वात सप्तर्षी आणि बियाणं नावेत येतं आणि मासा म्हणतो, मी प्रजापती ब्रह्मा. पुराणांत तो विष्णू होतो. प्रत्येक पिढीने आपल्याला काय वाचवावंसं वाटतं, ते नावेत भरलं. एक गोष्ट मात्र बदलली नाही. एक चिमुकला मासा मनूकडे येतो आणि म्हणतो, मला वाचव. मोठे मासे लहानांना खातात. मनू त्याला भांड्यात, मग खड्ड्यात, मग समुद्रात सोडतो. पुढे तोच मासा त्याला वाचवतो. या गोष्टीला कुठल्या प्रयोगशाळेचा शिक्का लागतो? शिक्का मागितला की उलट तिची किंमत कमी होते. उद्या शिक्का खोटा निघाला की मुलं शिक्क्याबरोबर गोष्टही फेकून देतात. मला भीती याची आहे.

हे सगळं मी बाबांशी बोललो, पण फोनवर नाही. गेल्या उन्हाळ्यात पुण्याला गेलो तेव्हा, शेजारी बसून. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा ते सहा वर्षांचे होते, पेठेतल्या वाड्यात. आजी ती गोष्ट सांगायची तेव्हा दर वेळी पाणी एखादी पायरी वर चढायचं. शेवटी शेवटी तर ते माडीच्या कठड्याला लागलं होतं. पायऱ्यांचा हिशोब चुकला, म्हणून पूर खोटा नव्हता. पूर खरा होता, म्हणून माडीचं पाणीही खरं ठरत नाही. बाबा हसले. म्हणाले, ‘आईला पायऱ्या नीट मोजता यायच्या नाहीत. पण दार ठोठावून उठवायला कोण कोण आलं, त्यांची नावं तिला शेवटपर्यंत पाठ होती.’

म्हणून माझी विनंती दोन्हीकडच्यांना आहे. तिकडच्यांनी गोष्टी जरूर सांगाव्यात, प्रमाणपत्रं पाठवू नयेत. इकडच्यांनी फॉरवर्डला उत्तर द्यावं, पण माणसाला तोडू नये. आणि विज्ञान मानायचंच, तर ते अर्धं मानू नये. ज्या समुद्राने हे आखात भरलं, तो आज पुन्हा चढतो आहे, आणि दुबई काय, मुंबई काय, दोन्ही शहरं त्याच्या काठावर आहेत.

आता दर रविवारी बाबा व्हिडिओ कॉलवर नातीला गोष्ट सांगतात. परवा मनूची नाव झाली. तिने विचारलं, ‘आबा, मनूने बाकीच्या लोकांना का नाही सांगितलं?’ बाबा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘थांब, तुला पानशेतची गोष्ट सांगतो.’