स्वदेशीचा शिक्का पुरेसा नाही

करोनाच्या टाळेबंदीनंतर 16 नोव्हेंबर 2020 रोजी, दिवाळी पाडव्याच्या मुहूर्तावर, महाराष्ट्रातील मंदिरांची दारे उघडली. प्रभादेवीच्या सिद्धिविनायकाच्या दर्शनासाठी मात्र भाविकांना आधी मोबाइल ॲपवर नोंदणी करून वेळ घ्यावी लागत होती. गर्दीला आवर घालण्याचा हेतू रास्तच होता. परंतु संगणकीय साधनांचा प्रश्न आता केवळ तंत्रज्ञांचा उरलेला नाही, हे त्यातून स्पष्ट झाले. देवाच्या दाराकडे जाणारी वाट ॲपमधून जात असेल, तर साधा फोन वापरणाऱ्या भाविकासाठीही सोय हवी. आणि त्या वाटेवर आपली कोणती माहिती घेतली जाते, हेही प्रत्येकाला कळायला हवे.

त्यानंतर दोनच महिन्यांनी, जानेवारी 2021मध्ये, व्हॉट्सॲपने नवे गोपनीयता धोरण जाहीर केले. ते मान्य करा, अन्यथा सेवा सोडा, असाच त्याचा आशय होता. टीका होताच वृत्तपत्रांत पानभर जाहिराती झळकल्या आणि वापरकर्त्यांच्या खासगीपणाचा आदर केला जातो, अशी ग्वाही देण्यात आली. ही ग्वाही असत्य नव्हती; ती अपुरी होती. संदेशातील मजकूर कंपनीला वाचता येत नाही, हे खरे. पण पाकीट बंद असले तरी त्यावरचा पत्ता टपालवाल्याला दिसतोच. कोण कोणाशी आणि केव्हा बोलतो, ही माहितीही व्यापारात मोलाची ठरते. याच धोरणावरून नोव्हेंबर 2024मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने मेटा कंपनीला सुमारे 213 कोटी रुपयांचा दंड ठोठावला. पुढे प्रकरण अपिलात गेले.

मग पर्याय कोणता? ‘सिग्नल’ अत्यल्प माहिती साठवते आणि तिची आज्ञावली सर्वांना तपासता येते. तरीही अनेक जण ती घेऊन परत फिरले, कारण नातलग जुन्याच गटात राहिले होते. 2025च्या सप्टेंबरमध्ये झोहो या भारतीय कंपनीच्या ‘अरट्टाई’कडे लोकांची रीघ लागली. त्या वेळी तिच्यावरील संभाषणे पूर्णतः कूटबद्ध होती. लेखी संदेश मात्र तसे नव्हते. कंपनीने ते काम हाती घेतल्याचे सांगितले, पण स्वदेशीच्या उत्साहात हा भेद किती जणांनी विचारला? ‘कू’ हे भारतीय माध्यमही असेच गाजले आणि 2024मध्ये बंद पडले. केवळ भावनेवर कोणतेही साधन टिकत नाही.

स्वदेशी म्हणजे डोळे मिटून स्वीकारणे नव्हे. स्वदेशीचा आग्रह धरणाऱ्यांनीच आपल्या माणसांच्या मालाची परीक्षा अधिक कठोरपणे घेतली पाहिजे. वस्तू आपली असेल, तर ती अधिक सोपी, अधिक प्रामाणिक आणि मराठीत नीट बोलणारी असावी, ही अपेक्षा गैर कशी? आज संघटनांचे निरोप, सोसायटीच्या सूचना, मुलांचा गृहपाठ या साऱ्यांचा प्रवास याच साधनांवरून होतो.

सर्वोच्च न्यायालयाने 24 ऑगस्ट 2017 रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला आणि 2023मध्ये संसदेने व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. मात्र कायदा घरात येऊन फोन तपासणार नाही. नवे ॲप घेताना ते फोटो, संपर्क, ठावठिकाणा कशासाठी मागते, हे घरातील जाणत्या तरुणाने आजीआजोबांना समजावून द्यावे आणि नको ती परवानगी नाकारावी. जाहिरात परदेशी असो वा देशी, ‘फुकट’ आणि ‘सुरक्षित’ या शब्दांचा जाब विचारणारा ग्राहक तयार झाला, तरच खरे स्वदेशी तंत्रज्ञान उभे राहील.